अनुबिस कोल्हा की लांडगा?

२०१५ साली 'करंट बायॉलॉजी'त एक शोधनिबंध आला आणि इजिप्तच्या मृतांच्या राखणदाराची जात बदलली! निदान काही मथळे तरी तसेच होते. आफ्रिकेतल्या ज्या प्राण्याला सोनेरी कोल्हा म्हणत होते, तो जनुकांवरून लांडग्याच्या अधिक जवळचा निघाला. आपल्या माळरानावरच्या कोल्ह्यापासून त्याची वाट दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती. मग कोल्हेतोंड्या अनुबिसचं काय?

शंका जुनीच आहे. टॉमस हक्सली म्हटलं की डार्विनचा कैवारी एवढंच लोकांना आठवतं. पण याच हक्सलीने १८८० मध्ये कवट्या आणि दात तपासताना, इजिप्तचा हा 'कोल्हा' भारतीय लांडग्याशी मिळताजुळता असल्याचं टिपलं होतं. जनुकं वाचायची सोय नव्हती, हाताशी होती ती फक्त हाडं! मथळ्यात खरं तर त्याचं नाव हवं होतं.

उथळ थडगी उकरणारं जनावर पाहूनच हा राखणदार सुचला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

प्राण्यावरून देव ओळखायला निघालं, की पंचाईत होते ती रंगाची. अनुबिस काळाकुट्ट, तिथला कोल्हा किंवा लांडगा तसा नसतो. हा काळा रंग नाईलच्या सुपीक गाळाचा, पुनर्जन्माचा आणि राळ फासलेल्या मृतदेहाचाही. तुतनखामुनच्या थडग्यात खजिन्याच्या खोलीच्या तोंडाशीच लाकडी अनुबिस बसला होता: अंगाला काळा लेप, कानांना सोनं, नख्या चांदीच्या. हॉवर्ड कार्टरला तो दिसला तेव्हा त्याच्यावर लिननचं वस्त्र पांघरलेलं होतं आणि त्यावर नोंद होती अखेनातेनच्या सातव्या वर्षाची. जुने देव मोडीत काढणाऱ्या राजाच्या काळातलं कापड जुन्याच देवाच्या अंगावर!

भक्तांना तरी जातीची कुठे फिकीर होती? सक्काराला अनुबिसच्या नावाने खोदलेल्या भुयारांत सुमारे ८० लाख प्राणी पुरले असावेत, असा कार्डिफ विद्यापीठाच्या पॉल निकलसन यांच्या चमूचा अंदाज आहे. त्यांतली बरीचशी पिल्लं काही तासांची किंवा दिवसांची. अर्पण करण्यासाठीच त्यांची पैदास होत असावी. बहुतेक सगळी साधी कुत्री. कोल्हे, खोकडं, मांजरं अगदी मोजकी.