व्हॉट्सॲपवरचं ते कुलूप



गेल्या काही बैठकांत एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. व्हॉट्सॲपवर नव्या माणसाशी बोलणं सुरू केलं की अगदी वर एक बारकी चौकट दिसते. त्यात कुलपाचं चित्र असतं आणि हे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत असं लिहिलेलं असतं. एकजण म्हणाली, "ताई, कुलूप आहे म्हणजे आता काहीपण पाठवलं तरी चालतंय ना?" दुसरी म्हणाली, "कुलूप कंपनीचं, मग किल्लीपण कंपनीकडंच असणार की." दोघींचं म्हणणं पूर्ण बरोबर नाही, आणि असल्या समजुतीपायी पैसे जातात, कधी अब्रूही जाते. म्हणून आज या कुलपाविषयीच बोलू.

लहानपणी आपण च ची भाषा बोलायचो, आठवतं? शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी न्यायचं आणि त्याच्या जागी च लावायचा. 'मला नको' म्हणायचं तर 'चलाम चकोन'. बोरं पाडायला जायचा बेत आईच्या समोर बसून ठरायचा आणि आईला पत्ता लागत नसे. एन्क्रिप्शन म्हणजे मुळात हेच. निरोप असा गोंधळवायचा की मधल्या माणसाच्या कानावर पडला तरी त्याला उमगू नये.

पण च च्या भाषेत एक खोट होती. जिला ती पद्धत ठाऊक, तिला सगळंच कळायचं. (आमच्या शेजारच्या काकूंना ती आमच्यापेक्षा चांगली यायची, हे बऱ्याच उशिरा समजलं.) फोनमधली पद्धत वेगळी आहे. तिचं गणित उघड आहे, कुणीही शिकावं. गुपित असते ती फक्त किल्ली. आणि किल्ली असते आपल्या फोनमध्ये आणि समोरच्याच्या फोनमध्ये.

मग किल्ली एकमेकींकडे पोचवायची कशी? वाटेत कुणी तिचा ठसा घेतला तर? ही अडचण फार जुनी. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकी संशोधकांनी तिच्यावर वाट दाखवली. रेडिओवर कुलूप दाखवता येत नाही, तेव्हा डोळ्यांपुढं आणा. दाबलं की बसतं ते कुलूप. माझी बहीण परगावी आहे. ती मला तिचं उघडं कुलूप पाठवते, किल्ली मात्र स्वतःच्या कमरेलाच ठेवते. मी चिठ्ठी पेटीत टाकते, तिचं कुलूप दाबते, पेटी धाडून देते. आता वाटेत ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल कुणाच्याही हातात पेटी गेली तरी उघडणार नाही. दाबल्यावर मला स्वतःलाही उघडता येत नाही. उघडेल ती फक्त बहीण. किल्लीनं प्रवास केलाच नाही, मग तिचा ठसा कोण घेणार? फोनमध्ये हे उघडं कुलूप म्हणजे एक भलामोठा आकडा असतो, आणि ही देवाणघेवाण आपल्याला न कळता होते. व्हॉट्सॲपमध्ये तर दर निरोपाला नवी किल्ली तयार होते.

व्हॉट्सॲपनं हे कुलूप २०१६ च्या एप्रिलमध्ये सगळ्यांसाठी पूर्ण केलं. त्यामुळं तुम्ही मुलीला काय लिहिलं, नणंदेला कुठला फोटो पाठवला, हे मध्ये बसून कंपनीलाही वाचता येत नाही. दुसऱ्या बाईची शंका इथं मिटते. साधा एसएमएस मात्र असा नसतो, तो मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतून उघडाच जातो. आणि व्हॉट्सॲपवरही पाकिटाच्या बाहेरचं कंपनीला दिसतं. कुणाला, कधी, किती वेळा निरोप गेला, ते. पोस्टमन चिठ्ठी वाचत नाही, पण कुणाच्या घरी कुणाचं पत्र येतं हे त्याला माहीत असतंच की.

कधी कधी 'अमुकचा सुरक्षा कोड बदलला' अशी ओळ दिसते आणि बायका घाबरतात. बहुतेक वेळा त्या माणसानं नवीन फोन घेतलेला असतो किंवा व्हॉट्सॲप काढून परत टाकलेलं असतं. पण त्याच माणसानं त्याच दिवशी पैसे मागितले, तर आधी साधा फोन लावून आवाज ऐका.

आता पहिल्या बाईकडं वळू, कारण खरा धोका तिच्या प्रश्नात आहे. हे कुलूप वाटेवरचं आहे. पेटी पोचली, उघडली, की चिठ्ठी कागदच. ती कोण वाचतं, कोण तिचा फोटो काढतं, कोण पुढं धाडतं, यावर त्या कुलपाचा काही इलाज नाही. तुमच्या बाजूचा फोन आणि समोरच्या बाजूचा फोन, ही दोन टोकं उघडी आहेत, आणि आपल्याकडं बाईचा फोन म्हणजे घराचा फोन असतो. पोरगं गेम खेळतं, दीर बोलायला घेतो, पाहुणे आले की रील बघतात. यात वाईट काही नाही. पण मग त्या फोनमध्ये काय ठेवायचं याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

एका गावातली गोष्ट सांगते, नाव-गाव सांगत नाही. एका बाईला कळेना की माहेरी लिहिलेलं सगळं सासरी कसं समजतं. फोन तर कायम तिच्याजवळ. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' म्हणून जागा आहे. तिथं बघितलं तर तिचं व्हॉट्सॲप एका संगणकावर चालू होतं. कुणीतरी कधीतरी दोन मिनिटं फोन हातात घेऊन तो चौकोनी ठिपक्यांचा कोड लावून दिलेला. कुलूप कुणी तोडलं नव्हतं. दुसरी किल्ली करून घेतली होती. ही जागा सगळ्यांनी बघा. वरच्या तीन ठिपक्यांवर दाबा, 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा, ओळखीचं नसेल ते यंत्र दाबून 'लॉग आउट' करा. फक्त एक सांभाळा. घरात मारहाणीची भीती असेल तर ते तोडल्याचं समोरच्याला कळू शकतं, तेव्हा आधी विश्वासातल्या कुणाशी बोला, मग तोडा.

तशीच दुसरी किल्ली चोर मागतात, ती सहा आकड्यांच्या कोडच्या रूपात. "ताई, चुकून माझा कोड तुमच्या नंबरवर आला, जरा सांगता का?" तो कोड सांगितला की तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या फोनवर उघडतं. सेटिंगमध्ये 'अकाउंट' उघडून 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू केलं तर तुमचा स्वतःचा सहा आकड्यांचा पिनही लागतो, नुसत्या कोडवर काम भागत नाही. तो पिन पासबुकाच्या कव्हरवर लिहू नका. एटीएमचा पिन तिथंच लिहिलेला मी किती ठिकाणी बघितलाय, मोजलं नाही.

बॅकअपचीही तीच तऱ्हा. फोन हरवला तर जुने मेसेज परत मिळावेत म्हणून त्यांची प्रत गुगलच्या खात्यात जाते. तिथल्या प्रतीवर हेच कुलूप लावायची सोय २०२१ पासून आहे, पण ती आपण सुरू करावी लागते. आणि त्याचा पासवर्ड विसरला तर प्रत गेली.

आता गटाचं बोलू, कारण इथं जबाबदारी आपली सगळ्यांची आहे. कर्जाची फाइल करायची म्हटलं की सचिव ग्रुपवर लिहिते, आधार आणि पासबुकाचे फोटो टाका. दहाजणी टाकतात. म्हणजे प्रत्येकीचा आधार दहा फोनमध्ये, त्या दहा घरांतल्या पोरांच्या हातात. कुलूप होतंच, पण पेटी दहा ठिकाणी उघडली. बचत गटात रोकड असायची तेव्हा पेटी एकीकडं आणि किल्ली दुसरीकडं ठेवायची रीत होती. तेवढी काळजी कागदांची कुणी घेत नाही. माझं म्हणणं, ग्रुपवर आधार टाकायचाच नाही. सचिवीला एकटीला पाठवा, काम झालं की दोघींनी पुसा. जिथं चालेल तिथं 'मास्क्ड आधार' द्या. तो आधारच्या सरकारी संकेतस्थळावरून काढता येतो. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहायची सवय लावा.

याचं कारण अंगठा. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर गावातल्या बँक मित्राकडं पैसे काढता येतात. बँक लांब असणाऱ्या बाईला ही सोय मोठी आहे. पण देशात काही ठिकाणी जमिनीच्या नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून नकली अंगठे बनवले गेले आणि लोकांच्या खात्यांतून पैसे काढले गेले. पासवर्ड बदलता येतो, अंगठा कसा बदलणार? म्हणून आधारमध्ये बायोमेट्रिक लॉक करायची सोय आहे. ती त्यांच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर मिळते, आणि त्यासाठी मोबाइल नंबर आधारला जोडलेला लागतो. लॉक केल्यावर रेशन दुकानात, बँक मित्राकडं अंगठा चालणार नाही. त्या दिवशी तात्पुरतं उघडावं लागतं. हे आधीच ठाऊक असलेलं बरं, नाहीतर धान्याच्या रांगेत फजिती व्हायची.

सगळ्यात जास्त मला ज्याची चिंता वाटते ते म्हणजे झटपट कर्जाची ॲप. गटातून शेकडा दोननं कर्ज मिळत असताना बायका तिकडं का जातात, याचं उत्तर मला माहीत आहे. गटात मागितलं की गावाला कळतं. ॲपवर कुणाला कळत नाही असं वाटतं. आणि नेमकं उलटं होतं. ॲप टाकताना ते विचारतं, फोनमधले नंबर बघू का, फोटो बघू का. घाईघाईनं आपण 'अलाऊ' दाबतो. त्या क्षणी माहेर, सासर, अंगणवाडी सेविका, पोराचे मास्तर, सगळ्यांचे नंबर त्यांच्याकडं गेले. हप्ता चुकला की, कधी भरला तरीही, या सगळ्यांना फोन. बाईचा फोटो घाणेरड्या चित्राला जोडून पाठवायची धमकी. आणि ती धमकी येते त्याच कुलूपवाल्या व्हॉट्सॲपवरून. कुलपाला भलाबुरा माणूस कळत नसतो.

रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये स्पष्ट नियम केलाय की कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधल्या फाइली, फोटो, नंबरांची यादी, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. तेव्हा कर्जाच्या ॲपनं नंबर मागितले की समजा, हे नियमातलं नाही. तिथंच थांबा. कुणी अडकलीच असेल तर आणखी पैसे भरू नका आणि मेसेज पुसू नका, तो पुरावा आहे. बाईचे खासगी अंगाचे फोटो तिच्या संमतीविना काढणं किंवा पसरवणं याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. लाज त्यांनी बाळगायची आहे.

फोनवर आपलं नाव-गाव लपवता येतं का, असंही विचारतात. थोडंफार येतं. ब्राउझरमध्ये 'इनकॉग्निटो' म्हणून खिडकी असते. तिच्यात बघितलेलं फोनमध्ये नोंदलं जात नाही, म्हणजे नंतर फोन हातात घेणाऱ्याला दिसत नाही. पण तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे मोबाइल कंपनीला दिसू शकतं, आणि डाउनलोड केलेली फाइल फोनमध्ये राहतेच. अंगावरच्या दुखण्याची माहिती वाचायला, कायद्याचं काही शोधायला ही खिडकी पुरते. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन केला तर तो नंबर कॉलच्या यादीत राहतो. घरात यादी तपासली जात असेल तर पुसा, किंवा आशाताईंच्या फोनवरून करा.

"आपल्याला काय लपवायचंय?" असं म्हणणाऱ्याही आहेत. बाई गं, मोहरीच्या डब्यात पैसे कुणी ठेवले? ते चोरीचे नव्हते, पोराच्या फीचे होते. कर्नाटकचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आधारच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यात बाईचा निराळा, बाप्याचा निराळा असं काही नाही.

शेवटी कामाचं. ऑनलाइन पैसे गेले तर १९३० ला फोन करायचा, आणि तो लगेच, म्हणजे पैसे पुढं सरकायच्या आत अडवता येण्याची आशा असते. फोन करताना खाते नंबर, बँकेचं नाव, पैसे गेल्याची वेळ, रक्कम आणि मेसेजमधला व्यवहाराचा नंबर समोर ठेवा. बायोमेट्रिक लॉकसाठी अडचण आली तर आधारचा नंबर १९४७. पुढच्या मासिक बैठकीला फोन चार्ज करून आणा. हप्ते जमा झाले की 'लिंक्ड डिव्हायसेस' सगळ्याजणींचं तिथंच उघडून बघू, आणि ग्रुपवरचे जुने आधारचे फोटोही त्याच दिवशी पुसून टाकू.