हाय-स्टॉल टॉर्क कन्व्हर्टर : डब्यावरचा आकडा आणि घोडबंदर रोडचा चढ

काशिमीरा नाक्यावरून ठाण्याकडे निघालं की घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ लागतो. गर्दीच्या वेळी तिथे भरलेली वाहनं इंचाइंचाने पुढे सरकतात. आजचा प्रश्न या रस्त्यावरच नीट समजतो : रोज चालवायच्या ट्रकला हाय-स्टॉल टॉर्क कन्व्हर्टर बसवावा का?

आधी एक खुलासा. आपल्याकडचे बहुतेक टेम्पो आणि ट्रक क्लचवालेच आहेत. ‘ऑटोमॅटिक’ म्हणून विकलं जाणारं प्रत्येक वाहनही टॉर्क कन्व्हर्टरवालं नसतं. एएमटीमध्ये साधाच क्लच असतो, फक्त तो दाबायचं काम यंत्र करतं. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस या पिकअप ट्रकच्या ऑटोमॅटिक आवृत्त्यांत मात्र खरा टॉर्क कन्व्हर्टर आहे.

आत काय चालतं?

इंजिनला जोडलेला इम्पेलर ऑईल फेकतो, त्या ऑईलच्या जोरावर समोरचा टर्बाईन फिरतो आणि टर्बाईन गिअरबॉक्सला फिरवतो. मधला स्टेटर परत येणाऱ्या ऑईलची दिशा बदलतो. त्यामुळे सुरुवातीला टर्बाईनला इंजिनपेक्षा जास्त, साधारण दुप्पट, टॉर्क मिळतो. जर्मन अभियंता हर्मान फॉटिंगर यांनी १९०५ साली या तत्त्वाचं पेटंट घेतलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मोटारी नव्हत्या, जहाजं होती.

गाडी ब्रेकवर धरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर इंजिन ज्या आरपीएमला अडकतं, तो स्टॉल स्पीड. ‘हाय-स्टॉल’ म्हणजे हा आकडा मोठा असलेला, सैल कन्व्हर्टर.

हा आकडा नक्की कोणाचा?

स्टॉल स्पीड हा एकट्या कन्व्हर्टरचा गुण नाही. इम्पेलर जितका टॉर्क पेलतो तो आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून :

स्टॉल स्पीड = के × √(इंजिनचा टॉर्क)

इथे ‘के’ हा कन्व्हर्टरचा स्वतःचा गुणक. समजा के = १००. हायलक्स ऑटोमॅटिकचा कमाल टॉर्क ५०० न्यूटन-मीटर, तर स्टॉल सुमारे २,२४० आरपीएम. तोच डबा ३६० न्यूटन-मीटरच्या व्ही-क्रॉसमागे लावला तर सुमारे १,९००. डबा एकच, आकडे दोन! म्हणून इंजिन न विचारता कोणी ‘हा तीन हजारचा कन्व्हर्टर आहे’ म्हणालं, तर ते वाक्य अर्धवट समजा.

हायलक्सला के = १४० चा सैल कन्व्हर्टर लावला तर गणिताने ३,१३० आरपीएम येतात. पण या इंजिनचा पूर्ण टॉर्क मिळतो १,६०० ते २,८०० आरपीएमला. म्हणजे आपण इंजिनला त्याच्या सगळ्यात ताकदवान पट्ट्याच्या बाहेर ढकलतोय. उलट, शर्यतीसाठी कॅमशाफ्ट बदललेलं पेट्रोल इंजिन साडेतीन हजारांच्या वर जागं होत असेल, तर त्याला हाय-स्टॉल हवाच. व्ही-क्रॉसचा कमाल टॉर्क २,००० ते २,५०० च्या दरम्यान मिळतो. तिथे १,९०० पेक्षा थोडा सैल कन्व्हर्टरही समर्थनीय ठरेल. मुद्दा सैल वाईट की घट्ट वाईट हा नाही, जोडी जुळते का हा आहे.

आता चढावर येऊ

एक उदाहरण सोडवू. आकडे मी सोयीसाठी धरलेत, गायमुखला जाऊन मोजलेले नाहीत. भरलेला ट्रक ३,००० किलो, चढ ८ टक्के, चाकाची त्रिज्या ०.३८ मीटर, पहिल्या गिअरमध्ये एकूण गुणोत्तर १४, रस्त्याचा रोध वजनाच्या १.२ टक्के. चढायला लागणारा जोर सुमारे २,७०० न्यूटन, म्हणजे टर्बाईनवर सुमारे ७४ न्यूटन-मीटर.

इंजिन ७५० आरपीएमवर आयडल आहे आणि टॉर्क दुप्पट होतोय असं धरा.

के = १०० : टर्बाईनवर सुमारे ११२. ब्रेक सोडला की ट्रक आपोआप पुढे सरकतो.

के = १४० : टर्बाईनवर सुमारे ५७. ट्रक पुढे जात नाही.

मग ड्रायव्हर काय करणार? दर वेळी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलणार. क्लचच्या गाडीत ‘हाफ क्लच’वर चढाला गाडी धरतात, तसंच हे. फरक एवढाच की तिथे क्लच प्लेट जळते, इथे ऑईल तापतं. टर्बाईन थांबलेला असताना इंजिनची सगळी शक्ती उष्णताच होते. पूर्ण स्टॉलला हायलक्सच्या उदाहरणात ती जवळजवळ ११७ किलोवॅट येते. कन्व्हर्टरमध्ये ५ किलो ऑईल धरलं, तर तापमान सेकंदाला ११-१२ अंशांनी चढेल. म्हणूनच गॅरेजमधली स्टॉल टेस्ट काही सेकंदांतच संपवायची असते. ट्रॅफिकमध्ये कोणी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबत नाही हे खरं, पण तिथे थोडी थोडी उष्णता तासभर साचत राहते.

आता वजन २,२०० किलो करा, म्हणजे जवळपास रिकामी गाडी. लागणारा टॉर्क ५४ वर येतो आणि के = १४० वालाही चढ पार करतो! म्हणजे रिकाम्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह मस्त होईल, आणि भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून माल भरून निघालेली तीच गाडी चढावर अडेल. मागे दोन फुटांवर स्कूटर उभी असते, तेव्हा हा फरक फक्त कागदावरचा राहत नाही.

मग निवड कशी करायची?

उलट्या टोकाने. आधी दोन आठवडे ओबीडी पोर्टमधून वेग, आरपीएम आणि गिअरबॉक्स ऑईलचं तापमान नोंदवा. मग सरासरी काढू नका, वाटणी बघा. ताशी २० किलोमीटर ही सरासरी सलग २० ने चालूनही येते, आणि अर्धा वेळ थांबून अर्धा वेळ ४० ने पळूनही येते. कन्व्हर्टरसाठी हे दोन वेगळेच रस्ते आहेत.

वाटणीत बराच वेळ शून्य ते १० मध्ये जात असेल, तर कंपनीचाच कन्व्हर्टर ठेवा. हवा तर जादा ऑईल कूलर लावा. बराच वेळ हायवेवर जात असेल, तर स्टॉलपेक्षा लॉक-अप क्लच महत्त्वाचा. तो लागला की इम्पेलर आणि टर्बाईन एकत्र फिरतात आणि घसरण संपते. लॉक-अप नसलेला सैल कन्व्हर्टर तिथेही डिझेल खात राहतो. आणि इंजिनच बदललेलं असेल, तर नव्या टॉर्क वक्रावर ‘के’ बसवून बघा.

रिसर्चला येऊ पाहणाऱ्यांनी यातून एक सवय उचलावी. पेपरमध्ये एखादा गुणधर्म एका आकड्यात दिलेला दिसला की विचारा : हा आकडा वस्तूचा आहे, की वस्तू आणि परिस्थिती यांच्या जोडीचा? आणि चाचणी घेतली तेव्हा गाडी भरलेली होती, की रिकामी?

सरावासाठी वरच्या गणितात चढ ५ टक्के धरा आणि के = १४० ला किती वजनापर्यंत गाडी आपोआप सरकते ते काढा. दहा मिनिटांचं काम आहे, कॅल्क्युलेटर पुरेसा आहे.