अमोनिया: वासाची भीती, ढगाचा विसर

मिरकरवाड्यापासून ससून डॉकपर्यंत मासळी ज्या बर्फात भरतात, तो बर्फ बहुतेक ठिकाणी अमोनियाच्या जोरावर गोठतो. त्यामुळे ‘बर्फात अमोनिया घालतात’ हे बंदरावर सर्रास ऐकू येतं. प्रत्यक्षात घालत नाहीत. अमोनिया बंद नळ्यांतून फिरतो, त्या नळ्या मिठाच्या पाण्याच्या टाकीत बुडालेल्या असतात आणि त्याच टाकीत गोड्या पाण्याचे डबे उभे करून लादी तयार होते. म्हणजे अमोनिया आणि लादी यांच्यामध्ये नळीचं पोलाद, खारं पाणी आणि डब्याचा पत्रा अशा तीन आडकाठ्या असतात. मासळीचा बर्फ सरबतात घालायचा नाही तो वेगळ्या कारणासाठी: तो पिण्याच्या पाण्यापासून केलेला असेलच असं नाही. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अखाद्य बर्फ निळा करायला लावला, तो याचसाठी.

जुन्या मुशीला जो उग्र दर्प येतो, त्याचं खापरही कारखान्यावर फुटतं. तो दर्प माशाचाच. मुशीच्या, म्हणजे शार्कच्या मांसात मुळातच युरिया भरपूर असतो आणि मासा मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात.

मात्र नळीला भोक पडलं तर अमोनिया खाऱ्या पाण्यात उतरतो, हे खरं. कॅनडातल्या फर्नी गावात ऑक्टोबर २०१७ मध्ये बर्फावर खेळायच्या क्रीडागृहात हेच झालं. खारं पाणी गार करणारा चिलर जुना होता, त्यात गळती असल्याचं आधी लक्षातही आलं होतं, तरी तो पुन्हा चालू केला गेला. तीन जण दगावले. खाऱ्या पाण्यात अमोनिया सापडला की ‘सीझन संपला की बघू’ म्हणायची सोय उरत नाही.

सगळ्यांत घातक समजूत मात्र पुस्तकातून आलेली आहे, म्हणून ती पुसायला जड जाते: ‘अमोनिया हवेपेक्षा हलका, गळला तर वर उडून जातो.’ वायू म्हणून तो हलका आहेच, हवेच्या जेमतेम सहा दशांश. पण प्लांटच्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे साठवणीच्या टाकीत, तो वायू नसतो, दाबाखाली ठेवलेला द्रव असतो, आणि या द्रवाचा उत्कलनबिंदू उणे ३३ अंश सेल्सिअस. फट पडली की द्रवाचा काही भाग क्षणात उकळतो, उरलेल्याचे बारीक थेंब हवेत उधळतात, आजूबाजूची हवा गारठते आणि तिच्यातल्या बाष्पाचं धुकं होतं. हे सगळं मिळून जो पांढरा ढग बनतो तो हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत सरकतो. दक्षिण आफ्रिकेतल्या पॉचेफस्ट्रूमला जुलै १९७३ मध्ये खत कारखान्याची टाकी फुटून सुमारे ३८ टन अमोनिया असाच पसरला आणि १८ माणसं गेली. म्हणून ढग दिसला की वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचं. वारा वाहतोय त्याच दिशेने पळालं तर ढग पाठीशीच येतो. बाहेर पडायला वाट नसेल तर आत राहून दारं-खिडक्या बंद करायच्या, पंखे आणि एसी थांबवायचे आणि नाकातोंडावर ओलं फडकं धरायचं. डोळ्यांना दिसणाऱ्या धुक्याच्या कडेपलीकडेही वायू असतो, तेव्हा ‘अजून लांब आहे’ म्हणून मोबाइलवर शूटिंग करत उभं राहणं हा शुद्ध वेडेपणा.

‘गळती झाली की पाणी मारा’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. वीस अंशाला एक लिटर पाण्यात शेकडो लिटर अमोनिया वायू विरघळतो. त्यामुळे हवेतल्या ढगावर बारीक तुषार मारले तर ढग खरंच खाली बसतो. पण जमिनीवर द्रव अमोनियाचं थारोळं असेल तर त्यावर पाणी म्हणजे आयती उष्णता: द्रव आणखी उकळतो आणि ढग वाढतो. शिवाय तुषारांचं पाणी गटारातून खाडीत गेलं तर तिथले मासे मरतात.

आता नाकाबद्दल. बहुतेकांना हा वास हवेच्या दहा लाख भागांत पाच भाग असतानाच कळू लागतो. आठ तासांच्या पाळीसाठी सरासरी मर्यादा २५ भागांची आहे, आणि ३०० भागांना जिवाला तत्काळ धोका मानतात. म्हणजे इशारा बराच आधी मिळतो, आणि विषारी वायूंमध्ये हा मोठाच सद्गुण. पण रोज त्याच हवेत वावरणाऱ्या ऑपरेटरचं नाक सरावतं आणि ‘काही नाही, एवढा वास असतोच’ असं तो मनापासून सांगतो. म्हणून गळती शोधायला जुने लोक गंधकाची वात पेटवून नळ्यांच्या जोडांजवळ फिरवतात. गळती असेल तिथे दाट पांढरा धूर उठतो. बारीक गळतीला ते ठीक, तरी ओला लाल लिटमस कागद बरा, कारण ‘अमोनिया पेटत नाही’ हेही खरं नाही. हवेत त्याचं प्रमाण साधारण १५ ते २८ टक्के झालं आणि ठिणगी मिळाली की स्फोट होतो. अमेरिकेत श्रेव्हपोर्टच्या शीतगृहात १९८४ मध्ये असाच स्फोट होऊन अग्निशमन दलाचा जवान मृत्युमुखी पडला.

धुळीचा मास्क इथे कुचकामी; अमोनियासाठीचंच कार्ट्रिज लागतं, आणि दाट ढगात तेही पुरत नाही, स्वतंत्र हवेचा सिलिंडरच हवा. डोळ्यांत अमोनिया गेला तर ‘अल्कली आहे, लिंबू पिळा’ हा घरगुती रसायनशास्त्राचा प्रयोग करू नये. वाहत्या साध्या पाण्याने किमान १५ मिनिटं डोळे धुवायचे आणि लगेच दवाखाना गाठायचा. द्रव अंगावर उडून कपडा गोठून चिकटला असेल तर ओढून काढायचा नाही, कातडी सोबत येते. कोमट पाण्याने सुटू द्यायचा.

एवढं असूनही अमोनिया हद्दपार करा, असं मी म्हणणार नाही. तो ओझोनला धक्का लावत नाही, तापमानवाढीत भर टाकत नाही आणि वीजही कमी खातो. अपघात म्हटलं की फुटलेली टाकी डोळ्यांसमोर येते, पण प्लांटमधली खरी जोखमीची वेळ म्हणजे तेल काढणं. कॉम्प्रेसरचं तेल द्रव अमोनियापेक्षा जड, ते तळाशी साचतं. थंडीने घट्ट झालेलं तेल नळीत अडकतं, माणूस व्हॉल्व्ह आणखी उघडतो, आणि गुठळी सुटली की मागून थेट द्रव अमोनिया फवारतो. तिथे हात काढताच आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह हवा, त्याच्या मागे दुसरा साधा व्हॉल्व्ह हवा, आणि तेल काढणाऱ्याने चहाला जायचं नाही. स्प्रिंगचा व्हॉल्व्ह उघडा राहावा म्हणून तारेने बांधून ठेवलेला दिसला, तर तो प्लांट त्याच दिवशी थांबवावा.