मेक्सिकोतून अकोल्यामार्गे आलेली मालिका

रात्री वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या रिसोडात कोणाच्याही घरी जा, टीव्हीवर मालिका चालू असते. तिच्यात बहुतेक वेळा कुणाचं तरी खरं नातं लपवलेलं असतं आणि त्या लपवाछपवीपायी कुणाचं तरी प्रेम अडून राहिलेलं असतं. मेक्सिकोने याच दोन गोष्टींवर अख्खी कला उभी केली. स्पॅनिशमध्ये तिला 'तेलेनोव्हेला' म्हणतात. 'लोस रिकोस ताम्ब्येन योरान' या १९७९ च्या मालिकेतली मारियाना आपलं तान्हं बाळ लॉटरीची तिकिटं विकणाऱ्या बाईला देऊन टाकते. पुढे मुलगा सापडतो, पण नवऱ्याला सांगायची हिंमत होत नाही, आणि तो भलताच संशय घेतो. आपल्याला सगळं ठाऊक, त्याला काहीच नाही. म्हणूनच पुढचा भाग चुकवता येत नाही.

ही ओढ लोकांना शिकवण्याच्या कामी लावावी, हे मेक्सिकन निर्माते मिगेल साबिदो यांनी ठरवलं. त्यांच्या कथेत एक पात्र भलं, एक वाईट आणि तिसरं दोघांमध्ये घुटमळणारं. बघणारा त्या तिसऱ्याबरोबर बदलत जातो. १९७५ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या 'वेन कोन्मिगो'चा विषय होता प्रौढ साक्षरता. त्या काळात तिथे आठ लाखांहून जास्त लोकांनी साक्षरता वर्गात नाव घातलं. मी शाळेत शिकवते, म्हणून हा आकडा मला फार मोठा वाटतो.

ही कल्पना भारतात यायला वसंत साठे यांची मेक्सिकोवारी कारण झाली. साठे केंद्रात माहिती व प्रसारण मंत्री होते आणि त्याआधी अकोल्याचे खासदार. तेव्हा आमचं वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. पुढे मनोहर श्याम जोशी यांनी 'हम लोग' ही दूरदर्शनवरची हिंदी मालिका लिहिली. ७ जुलै १९८४ पासून तिचे १५६ भाग झाले आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अभिनेते अशोककुमार प्रेक्षकांशी बोलत. तिच्यातला कुटुंबनियोजनाचा उपदेश लोकांना रुचेना, तेव्हा तो कमी करून कथेला वाव दिला गेला.

'हम लोग' मी नागपूरला मामाकडे पाहिली. त्यातली भगवंती ही आई मुकाट्याने सोसणारी. बाईने असं राहू नये, हे दाखवायला ते पात्र रचलं होतं. आजी मात्र डोळे पुसत म्हणायची, "मायबाई, किती सोसते व ही! बाईनं असंच असावं." पुढे अभ्यासकांनाही हेच आढळलं, की अनेक बायांना भगवंतीच आदर्श वाटली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नुसतं दुःख दाखवून भागत नाही. त्या दुःखातून पाय बाहेर टाकणारी बाई दिसावी लागते.

आजच्या मराठी मालिकांनी तेलेनोव्हेलातलं गुपित घेतलं, पण साबिदोंचं ते घुटमळणारं पात्र मागेच राहिलं. आमच्या गावांत गुपितं काय कमी आहेत? महाराष्ट्राने १९९४ मध्ये, देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतका वाटा दिला. तरीही रक्षाबंधनाला माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं, आणि कशावर सही घेतली हे तिच्या नवऱ्यालाही सांगू देत नाहीत. त्या सहीपाशी थांबलेली, भावाच्या मायेत आणि आपल्या वाट्यात अडकलेली बहीण कुणीतरी दोनशे भागांत लिहावी. आमच्या वऱ्हाडातल्या घराघरांत ती बघितली जाईल, आणि दुसऱ्या दिवशी बाया सोयाबीनच्या शेतात सातबाऱ्यावर बोलतील.