जुलैचा उजेड, मे महिन्याचं पाणी

गावाकडच्या वडिलोपार्जित जमिनीवर घर बांधायचं आणि विजेच्या तारेवर, नळयोजनेवर किंवा सिलिंडरवर न विसंबता राहायचं, असा बेत अलीकडे बरेच चाकरमानी बोलून दाखवतात. बोलणं लगेच पॅनेल कुठल्या कंपनीचं आणि बॅटरी केवढ्याची यावर येतं. कोकणात मात्र त्याआधी महिना विचारायला हवा. इथे चार महिन्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. एप्रिलमध्ये ऊन नकोसं होतं आणि जुलैत ते दिसत नाही. वर्षाच्या सरासरीवर बेतलेलं स्वयंपूर्ण घर मे आणि जुलै या दोन महिन्यांत हात टेकतं. म्हणून हिशोब मांडायचा तो जुलैच्या उजेडाचा आणि मेच्या पाण्याचा. जुन्या घरांना हे ठाऊक होतं. पावसाळ्याआधीची अगोटीची बेगमी म्हणजे दुसरं काय?

आधी सातबारा

कोकणातल्या सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं सहज सापडतात. त्यात आजोबांचे भाऊ, मुंबईतली चुलत भावंडं आणि वारलेल्यांची न उतरलेली नावंही असतात. सामाईक जमिनीत एकाने घर उभं केलं, की पुढे वाटणीत ते कोणाच्या हिश्शात जाणार यावरून भाऊबंदकी ठरलेली. आधी वारसनोंदी, मग वाटणी आणि मोजणी, असाच क्रम हवा. त्यात बहिणींना धरावंच लागतं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. शेतजमिनीवरच्या बांधकामाची परवानगी ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयात लेखी विचारून घ्यावी. ‘इथे सगळे असंच बांधतात’ हा दाखला पुढे कोणी ग्राह्य धरत नाही.

चिरा आणि झड

इथल्या भिंतींच्या चिऱ्यांचा जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्याला लागला की कडक होतो. तो भट्टीत भाजावा लागत नाही आणि फार लांबून आणावाही लागत नाही. मात्र तो सच्छिद्र आहे. नैऋत्येकडून तिरपी झड येऊ लागली की उघडी भिंत पाणी पिते आणि आतला गिलावा बुरसतो. म्हणून जुन्या घराचं जोतं उंच, भोवती पडवी आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील इतकी पुढे आलेली वळचण. शिवाय मे संपता संपता माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप पावसाच्या बाजूला बांधायचे. सपाट स्लॅब आणि वीतभर छज्जा असलेल्या बंगल्याने हे सगळं सोडलं, आणि मग ओल घालवणाऱ्या रसायनांवर खर्च सुरू झाला.

उतरत्या छपराला मंगलोरी कौलं उत्तम, पण वानरांच्या उड्यांनी ती फुटतात. त्यामुळे कौलांवर पत्रा चढवलेली घरं आता गावोगावी दिसतात. पत्रा घालायचाच तर पक्क्या सांगाड्यावर घालावा. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग वादळाने छपरं उडवली आणि कितीतरी गावांतली वीज दिवसचे दिवस गेली.

छपरावरचं पाणी

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. शंभर चौरस मीटर छप्पर, तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यातला पाचवा भाग वाया गेला असं धरलं, तरी वर्षाला २ लाख ४० हजार लिटर. एवढं साठवणं शक्य नाही आणि गरजही नाही. चार माणसं, माणशी ५५ लिटर, मार्च ते मे असे नव्वद दिवस मिळून जवळपास २० हजार लिटर होतात. तेवढ्या टाकीला विहिरीची जोड मिळाली की उन्हाळा निभावतो. पहिल्या पावसाचं पाणी छपरावरची धूळ आणि विष्ठा घेऊन येतं, ते बाहेर सोडायचं. टाकी झाकलेली आणि काळोखी ठेवायची, म्हणजे शेवाळ धरत नाही. उरलेलं पाणी गाळून विहिरीच्या वरच्या अंगाला जिरवावं. कलमांना उन्हाळ्यात पाणी द्यायचं असेल, तर खड्ड्यात प्लास्टिक अंथरून केलेलं जलकुंड स्वस्तात होतं.

बॅटरीचा हिशोब

एक किलोवॅटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला चार ते पाच युनिट देतं. जुलैत ते निम्म्यावर येतं आणि झडीच्या दिवसांत त्याहूनही खाली. आता खर्च पाहू. कमी वॅटचे तीन पंखे दहा तास चालले तर ०.९ युनिट, छोटा फ्रीज एक युनिटच्या आसपास. दिवे, मोबाइल, लॅपटॉप आणि थोडा वेळ पंप मिळून आणखी अर्धा-पाऊण. म्हणजे रोजचे अडीच युनिट. जुलैसाठी दोन किलोवॅटचं पॅनेल आणि दोन दिवसांचे पाच युनिट वापरता येतील एवढा साठा हवा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या शिसे-आम्ल बॅटरीत १.८ युनिट मावतात, पण निम्म्याहून जास्त उपसलं की तिचं आयुष्य घटतं. म्हणजे तशा सहा बॅटऱ्या लागल्या. लिथियम बॅटरीची किंमत जास्त, पण तिच्यातली ऐंशी टक्के वीज बिनधास्त वापरता येते.

गिझर आणि इंडक्शन शेगडी या हिशोबात बसत नाहीत. अंघोळीचं पाणी नारळाच्या सोडणांवर, करवंट्यांवर आणि सुक्या झावळ्यांवर बंबात तापवणं यात मागासलेपण काही नाही. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, सोळा-सतरा अंशांच्या कलाने, शक्यतो खळ्यातल्या लोखंडी सांगाड्यावर बसवावं. तिथे पुसायला हात पोचतो. माडाच्या एका झावळीची सावली एका पॅनेलवर पडली, तरी त्या जोडणीतल्या सगळ्यांची वीज घटू शकते. ऑक्टोबरच्या विजांसाठी चांगलं अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर नको. छपरावरच्या सौरविजेसाठी २०२४ पासून मिळणारं पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ग्रीडला जोडलेल्या संचांसाठी आहे. ग्रीडपासून तुटून राहणाऱ्याने ते गृहीत धरू नये.

शेण, संडास आणि माणूस

दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज पन्नास किलो शेण लागतं, म्हणजे दावणीला चार-पाच तरी गुरं हवीत. सिंधुदुर्गात भगीरथ प्रतिष्ठानने अशी संयंत्रं घरोघरी पोचवली. पण शेण रोज कालवणारं माणूस घरात असेल तरच ते चालतं. संडासाचा धडाही इथलाच आहे. कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून मैल्याचं खत करणारे संडास रुजवले. दोन खड्ड्यांचा संडास आजही सोपा पडतो. एक भरला की दुसरा सुरू करायचा, तोवर पहिल्याचं खत होतं. मात्र जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं, त्यामुळे हे खड्डे विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगालाच हवेत.

या सगळ्याला रोज लक्ष द्यावं लागतं. गणपतीला आणि मे महिन्यात उघडणाऱ्या घराला ते मिळत नाही. बॅटरीतलं पाणी आटतं, पन्हळी पानांनी तुंबतात, गोबरगॅस थंड पडतो. असं घर वर्षातून दोनदाच उघडायचं असेल आणि विजेचा खांब जवळ असेल, तर जोडणी घ्यावी. पॅनेल सोबतीला ठेवावं. बारा महिने राहायचं असेल, तर नकाशा काढण्याआधी त्याच वाडीत एक जुलै आणि एक मे भाड्याने काढावा. आपल्याला किती उजेड आणि किती पाणी लागतं, याचा खरा आकडा तिथेच मिळतो. घर त्या आकड्याएवढंच बांधावं.