ड्रिलची बॅटरी होडीवर वापरताय? मग एवढं वाचाच

मच्छीमार बंधू-भगिनींनो, होडीच्या दुरुस्तीसाठी आता बऱ्याच जणांकडे बॅटरीवरचं ड्रिल मशीन आहे. तीच बॅटरी रात्री दर्यात मोबाईल चार्ज करायला किंवा छोटा एलईडी दिवा लावायला कामी येते. बॅटरीवर सरकवून बसवायचा यूएसबी अडॅप्टर मिळतो. आपल्या बॅटरीला नीट बसतो का, ते बघूनच घ्या.

किती पुरते? १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८ × ४ = ७२ वॅट-अवर. ५००० एमएएचच्या मोबाईलला साधारण १९ वॅट-अवर लागतात. वाया जाणारी वीज धरली तरी फोन तीनेक वेळा फुल होतो.

पण हे सांभाळा:

१) १२ व्होल्टच्या व्हीएचएफ किंवा दिव्याला वायर थेट जोडू नका. फुल चार्ज केल्यावर ही बॅटरी २० व्होल्टच्या वर असते, सेट जळू शकतो. मध्ये १२ व्होल्टचा कन्व्हर्टर आणि फ्यूज हवाच.

२) बॅटरी पार रिकामी करू नका, ती कायमची खराब होते. ड्रिल वेळीच बंद पडतं, स्वस्त अडॅप्टर पडेलच असं नाही. काम झालं की अडॅप्टर काढून ठेवा.

३) खाऱ्या पाण्याने शॉर्ट होऊन आग लागू शकते. घट्ट झाकणाच्या डब्यात, इंजिन-डिझेलपासून लांब ठेवा. भिजलेली बॅटरी परत चार्जिंगला लावू नका.

अडचणीत तटरक्षक दलाचा १५५४ लावायला फोन चालू असावा लागतो. म्हणून निघण्याआधी बॅटरी फुल करा. आणि ही जोडीला आहे, होडीच्या मुख्य बॅटरीच्या बदल्यात नाही, हे विसरू नका.