सत्तरीच्या आत अष्टापद

सन २०२५ च्या उन्हाळ्यात, पाच वर्षे बंद असलेली कैलास-मानसरोवराची वाट पुन्हा खुली होणार अशी वार्ता आली, तेव्हा आम्ही बिदरच्या गांधी गंजात पेढीवर पट्ट्या तपासीत बसलो होतो. वर्तमानपत्र आमचे ज्येष्ठ बंधू अण्णा यांच्या हातात होते. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचले आणि आम्हास विचारले, "वयाची अट तीच आहे का रे?" अट तीच होती. त्या वर्षीच्या एक जानेवारीस यात्रेकरूचे वय अठराहून कमी व सत्तराहून अधिक नसावे. अण्णांना त्या दिवशी एकाहत्तर वर्षे पुरी झालेली होती. त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, ती गादीखाली सारली आणि हमालाला हाक मारली. त्या दिवशी त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पुढील लेखास कारण एवढेच.

आपल्या समाजात तीर्थयात्रा नवी नाही. सम्मेदशिखर, गिरनार, पालिताणा, श्रवणबेळगोळ ही नावे घराघरांत आहेत. परंतु परदेशात मोडणारे, पायांची आणि काळजाची खरी परीक्षा घेणारे तीर्थ एकच, आणि ते आद्य तीर्थंकरांचे आहे. भगवान ऋषभदेवांचे निर्वाण कैलासावर झाले, असे आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात आहे. हे जिनसेनाचार्य म्हणजे राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांचे गुरू, आणि अमोघवर्षांची राजधानी मान्यखेट म्हणजे आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातील सेडम तालुक्यातले कागिणेकाठचे मळखेड. आज तेथे सिमेंटच्या कारखान्याच्या धुरळ्यातून जावे लागते. जुनी बसदी मात्र उभी आहे. ज्या राजाच्या छत्राखाली कैलासाचे ते वर्णन लिहिले गेले, त्याच्या राजधानीपासून आपण दोन-तीन तासांच्या अंतरावर राहतो आणि कैलास मात्र दुसऱ्यांचा समजतो, याचे आम्हास नवल वाटते. श्वेतांबर बांधव त्याच स्थानास अष्टापद म्हणतात. भरत चक्रवर्तींनी तेथे चोवीस तीर्थंकरांच्या प्रतिमा स्थापिल्या आणि गौतमस्वामी तेथे दर्शनास गेले, या कथा त्यांच्या मुलांनाही पाठ असतात. अष्टापद म्हणजे आजचे कैलास शिखरच की त्याच्या शेजारचे दुसरे, यावर विद्वानांत एकमत नाही. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. त्या वादात पडत नाही.

आता यात्रेचा व्यवहार सांगतो, कारण व्यापाऱ्याने आधी व्यवहार पाहावा. सन १९६२ च्या युद्धापूर्वी बंद पडत आलेली ही यात्रा भारत व चीन या दोन सरकारांच्या संमतीने १९८१ साली पुन्हा सुरू झाली. आपले परराष्ट्र मंत्रालय अर्ज मागविते आणि संगणकाने सोडत काढते. वाटा दोन आहेत. पहिली उत्तराखंडातून लिपुलेख खिंडीची. दुसरी सिक्कीममधील नाथू-ला खिंडीची, जी २०१५ साली उघडली. नाथू-ला वाटेने बहुतेक प्रवास मोटारीने होतो, म्हणून वयस्कर मंडळी ती पसंत करतात. २०१९ साली लिपुलेखने साठ जणांच्या अठरा तुकड्या व नाथू-लाने पन्नास जणांच्या दहा तुकड्या ठरल्या होत्या. २०२५ साली लिपुलेखने पन्नासांच्या पाच व नाथू-लाने पन्नासांच्या दहा, म्हणजे एकूण साडेसातशेच जागा होत्या. खर्च लिपुलेखने पावणेदोन लाखांच्या आसपास आणि नाथू-लाने पावणेतीन लाखांच्या वर. यात्रा पुरी करणाऱ्यास कर्नाटक सरकारकडून तीस हजार रुपयांचे अनुदान मिळत आले आहे. तो अर्ज पुष्कळजण आळसाने करीतच नाहीत.

वयाखेरीज दुसरी अट शरीराच्या वजनाची आहे, आणि गादीवर बसून दिवस काढणाऱ्या आपल्यासारख्यांचे खरे घोडे तेथेच अडते. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा पंचवीसच्या वर असता कामा नये. पाच फूट सहा इंच उंचीच्या मनुष्याचे वजन सत्तर किलोपर्यंतच चालते. पुढील वार्षिक सभेत जेवणानंतर काटा मांडला तर आपल्यापैकी किती सभासद पास होतील हे वाचकांनी मनाशी ताडावे. आम्हास स्वतःस अकरा किलो उतरवावे लागले. आठ महिने लागले, आणि त्या आठ महिन्यांत घरात तुपाचा डबा आमच्यापासून लपवून ठेवण्यात येत असे.

अण्णा आणि आम्ही २०१९ साली जोडीने अर्ज केला आणि जोडीनेच आमची नावे निघाली. ते पासष्टीचे, आम्ही साठीचे. दिल्लीची वैद्यकीय तपासणी दोघांनीही पार केली. धारचुल्याच्या पुढे मोटारीची वाट संपली तेथून काली नदीच्या काठाने चालणे सुरू झाले. नदीचा पलीकडचा काठ नेपाळचा. मालपा येथे आम्ही सारे थांबलो. १९९८ च्या ऑगस्टमध्ये तेथे रात्री डोंगर कोसळून साठ यात्रेकरूंसह दोनशेहून अधिक माणसे गाडली गेली. अण्णांनी तेथे णमोकार मंत्र म्हटला. त्यांचा आवाज खणखणीत होता, श्वास भरलेला नव्हता. म्हणूनच पुढे जे घडले ते आम्हास अनपेक्षित होते.

गुंजी हे गाव दहा हजार फुटांवर आहे. तेथे सीमा पोलिसांच्या छावणीत डॉक्टर दुसरी तपासणी करतात, कारण दिल्लीत निरोगी ठरलेले शरीर त्या उंचीवर निराळे वागू लागते. अण्णांचा रक्तदाब फार चढला होता. डॉक्टरांनी त्यांना विश्रांती देऊन सायंकाळी पुन्हा पाहिले, दुसऱ्या सकाळी पुन्हा पाहिले. आकडा उतरला नाही. तरुण डॉक्टर अत्यंत नम्र होते. पण त्यांनी कागदावर सही केली ती परतीची. आम्हीही परततो म्हणालो. अण्णा म्हणाले, "दोघे परतलो तर ती यात्रा कोणाची? तू जा. तुझ्या वहिनीला मी सांगतो काय ते." मग त्यांनी पिशवीतून अक्षतांची पुरचुंडी काढली. घरच्या मंदिरातून आणलेली ती पुरचुंडी त्यांनी सबंध प्रवासात कोणाच्या हाती दिली नव्हती. ती आमच्या हातावर ठेवून ते म्हणाले, "अर्ध्या माझ्या नावाने."

आम्ही पुढे गेलो. ते बरोबर केले की नाही याचा निवाडा सहा वर्षांत झालेला नाही.

नाभीढांगहून रात्री दोनच्या सुमारास कंदिलांच्या उजेडात निघून पहाटे लिपुलेख ओलांडावी लागते, कारण दिवस चढला की खिंडीत वारा सुटतो. पलीकडे चिनी मोटारी उभ्या असतात. त्या तकलाकोटास नेतात, ज्याचे तिबेटी नाव पुरंग. ही जुनी मंडी आहे. ब्यांस खोऱ्यातील भोटिया व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या इकडून धान्य, गूळ, कापड नेत आणि तिकडून लोकर, मीठ, सवागी आणीत. १९६२ साली तो व्यापार तुटला, १९९२ साली थोडा सुरू झाला, २०२० साली पुन्हा थांबला. ऑगस्ट २०२५ मध्ये तो उघडण्याचे दोन्ही देशांनी मान्य केले आहे. ज्या वाटेने यात्रा, त्याच वाटेने धान्याची पोती, हे पाहून आम्हास परकेपणा वाटेनासा झाला.

खाण्यापिण्याचे लोक विचारतात. कंदमूळ न घेता निभाव लागतो; स्वयंपाक्यास पहिल्या दिवशीच सांगावे आणि खाखरे, मेतकूट, भाजलेले डाळे, सुके खोबरे जवळ ठेवावे. पण एक गंमत सांगतो. आम्ही आपल्या कलबुर्गी तुरीची डाळ बरोबर नेली होती. तिला २०१९ सालीच भौगोलिक निर्देशांक मिळाला होता आणि आम्हास तिचा अभिमान. कैलासाच्या परिक्रमेत सोळा-सतरा हजार फुटांवर ती तासभर उकळली तरी दाण्यास दाणा लागेना. तेथे पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांवरच उकळते. कुकरवाचून तूर शिजत नाही. जन्मभर डाळ विकून हे आम्हास ठाऊक नव्हते. दुसरी गोष्ट सूर्यास्ताची. सर्व चीन देशात पेकिंगचेच घड्याळ चालते, आपल्याहून अडीच तास पुढे. घड्याळात रात्रीचे नऊ वाजलेले आणि सूर्य अजून डोंगरावर! रात्रिभोजनत्यागाचे नियम पाळणाऱ्याने तेथे घड्याळाकडे न पाहता आकाशाकडे पाहावे.

परिक्रमा बावन्न किलोमीटरांची, तीन दिवसांची. दुसरा दिवस डोल्मा खिंडीचा, साडेअठरा हजार फुटांचा. तेथे हवेत प्राणवायू समुद्रकाठच्या निम्माच उरतो. वीस पावले चालावे, थांबावे, पुन्हा वीस. आमच्या तुकडीत अडुसष्ट वर्षांच्या एक बाई होत्या; त्या आमच्या पुढे होत्या आणि पंचविशीचा एक धट्टाकट्टा तरुण घोड्यावर ओणवा पडला होता. उंचीचा त्रास वयावर ठरत नाही. किती घाईने चढलात यावर ठरतो. दहा हजार फुटांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात दीड हजार फुटांहून अधिक वाढवू नये, हा नियम. वयाने धोका येतो तो हृदयाचा व रक्तदाबाचा, आणि तो चालून लपत नाही.

हे लिहिण्याचे कारण असे की सरकारी यात्रेत नाव न लागलेले पुष्कळजण नेपाळमार्गे खासगी कंपन्यांबरोबर जातात. त्या वाटेने कितीतरी लोक सुखरूप जाऊन येतात, हे खरे. पण २०१८ च्या जुलैत सिमिकोट व हिल्सा येथे हवामानामुळे दीड हजार यात्रेकरू अडकून पडले, आणि जुलै २०२५ मध्ये रसुवागढीचा सीमेवरील पूलच पुरात गेला. आमच्या परिचयाचे एक डाळमिलवाले हेलिकॉप्टरने दोन दिवसांत वर पोहोचले आणि मानसरोवराच्या काठी श्वास कोंडून रात्रभर बसून राहिले. सरोवर त्यांनी पाहिले ते परतीच्या गाडीच्या काचेतून. पैसे परत मिळाले नाहीत ते निराळेच. गुंजीसारखा अडविणारा डॉक्टर त्या वाटेत नव्हता.

व्यापाऱ्याने प्रवासास भिऊ नये, असे आमच्या वडिलांचे म्हणणे होते, आणि ते अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचे उदाहरण देत. पंधराव्या शतकात हा मनुष्य एक घोडा विकण्यासाठी तीन समुद्र ओलांडून चौल बंदरातून बहामनींच्या बिदरास आला. आळंदच्या जत्रेत वीस हजार घोडे विकावयास येतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. १९५७ साली त्याच्यावर 'परदेसी' नावाचा चित्रपटही निघाला. वडील एक गोष्ट मात्र सांगत नसत, ती आम्हास मागाहून वाचनात आली: निकितीन स्वगृही त्वेरला पोहोचलाच नाही. १४७२ च्या सुमारास स्मोलेन्स्कजवळ वाटेतच वारला.

दार्चेनहून आम्हास कैलासाचे दक्षिण मुख दिसले. त्यावर मधोमध वरून खाली खाचा उतरत येतात, जणू पायऱ्या. तेथे आम्ही अक्षता चढविल्या. अर्ध्या आमच्या, अर्ध्या अण्णांच्या. परत आल्यावर त्यांनी एकच विचारले, "मोजून अर्ध्या ना?" आम्ही हो म्हटले. पुढल्या वर्षी आपण पुन्हा अर्ज करू असे ते म्हणाले आणि त्यांनी औषध, पथ्य सारे चोख आरंभिले. पुढल्या वर्षी महामारी आली. मग सीमेवरचा तंटा. २०२० पासून २०२४ पर्यंत एकही तुकडी गेली नाही. या पाच वर्षांत अण्णांचा दाब आवाक्यात आला आणि वय आवाक्याबाहेर गेले.

आम्ही त्यांना बद्रीनाथ सुचविले. तेथेही आदिनाथांचे निर्वाणस्थान मानून दिगंबर मंदिर उभारले आहे आणि मोटार दारापर्यंत जाते. हस्तिनापुरास अष्टापदाची भव्य प्रतिकृती आहे तीही सांगितली. ते म्हणाले, "नमुना पाहून माल घेणे वेगळे आणि नमुनाच घरी नेणे वेगळे." आता त्यांनी नवेच काढले आहे. ऑक्टोबर २०२४ पासून जुन्या लिपुलेखच्या माथ्यावरून, म्हणजे भारताच्याच हद्दीतून, कैलासाचे दर्शन घडविण्यात येऊ लागले. पारपत्र लागत नाही. आमचे म्हणणे, माथा अठरा हजार फुटांचा आहे आणि वाटेत गुंजी तीच आहे. त्यांचे म्हणणे, गुंजी तीच असली तरी आपण ते नाही. घरात यावरून दोन पक्ष आहेत. वहिनी त्यांच्या पक्षात, हे आम्हास अनपेक्षित.

संघास विनंती एवढीच की, साठी उलटलेल्या सभासदांसाठी वर्षातून एकदा हृदय व रक्तदाब तपासणीचे शिबिर भरवावे, आणि ज्यांच्या मनात ही यात्रा आहे त्यांनी मुलांच्या लग्नाकरिता, नव्या गोदामाकरिता ती पुढे ढकलू नये. एक जानेवारीचा हिशेब दरवर्षी करावा.

अण्णा रोज पहाटे गंजापासून किल्ल्यापर्यंत चालत जातात व येतात. आल्यावर यंत्र लावून दाब मोजतात आणि जुन्या रोजमेळाच्या कोऱ्या पानांवर तारीखवार आकडा टिपतात. आज सकाळचा आकडा १३८ व ८६ आहे. त्याच्या शेजारी त्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले आहे, "गुंजीस १७० होता."